फण्याची आतली बाजू

प्रिय खुडबुड्या,

हे पाकीट हातात पडेल तेव्हा तू परांचीवर असशील, तर आधी खाली उतर. पत्र वाचायला म्हणून नको, नुसतं उतरायचं म्हणून उतर. सावलीत बैस, घोटभर पाणी पी आणि मग पुढे वाच. तुझी खोड मला माहीत आहे. ताईचं अक्षर दिसलं की घडी खिशात जाणार, आणि हातातलं काम आटपल्यावर बघू म्हणणार. पण तुझं काम आटपेपर्यंत जीव टांगणीला लावून बसायची ताकद माझ्यात उरलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. फोनचा नंबर बदललास आणि नवा कुणालाच दिला नाहीस, अगदी आईलाही नाही. म्हणून हे तुमच्या कामावरच्या पॉलिशवाल्या काकांच्या हाती देतेय. त्यांच्यावर डाफरू नकोस. आपण काय सांगून बसलो, हे त्या बिचाऱ्यांना अजूनही कळलेलं नाही.

मी अजून संग्रहालयाच्या मागच्या खोलीतच असते, साचे ओतत. लोकांना घरी न्यायला प्लास्टरच्या बोटभर मूर्ती लागतात, त्या काढते, घासते, तुटलेली नाकं चिकटवते. काका आमच्याकडे साच्याचं रबर मागायला आले होते. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, तुमच्या हनुवटीला खळी आहे तशीच आमच्या कामावरच्या एका कारागिराला आहे. मी हातातलं प्लास्टर तसंच बादलीत सोडलं, म्हटलं, तो माझा भाऊ. ते आपले रंगात येऊन सांगत होते. "पोहोचलेला माणूस हो तुमचा भाऊ! पार्श्वनाथांची एवढी उंच मूर्ती, वर सात फण्यांचा नाग, आणि हा पठ्ठ्या फळीवर उताणा पडून फण्याच्या आतून छिन्नी चालवतो. मध्येच हात थांबतो बघा. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ नाही. ओठ तेवढे हलतात, मंत्र म्हणत असेल. समाधी लागते त्याची. आम्ही कुणी आवाज करत नाही तेव्हा." मी म्हटलं, हो, लहानपणापासून तसाच आहे तो. हसलेसुद्धा. त्यांना चहा पाजला, रबर बांधून दिलं, दारापर्यंत सोडलं. बादलीतलं प्लास्टर तोवर दगड झालं होतं.

समाधी म्हणे! अरे, त्या समाधीत तू फळीवरून एक कूस वळलास तर?

काकांनी मोबाइलमधला फोटोही दाखवला. मधल्या फण्याची आतली बाजू होती. खवल्यांच्या ओळी एकीखाली एक, कडेला बारीक होत गेलेल्या, आणि एकही रेघ कुठे हललेली नाही. बाबा असते तर चष्मा कपाळावर सरकवून "बरंय" म्हणाले असते. त्यांच्या बरंयसाठी आपण दोघं कसे मरायचो, आठवतं ना? मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. त्या गोळ्या चालू होत्या तेव्हा तुझ्या हातातला कप बशीवर वाजायचा. सुईत दोरा ओवायचा तर तू मला हाक मारायचास. अशी रेघ काढणाऱ्या हाताच्या पोटात गोळी गेलेली नाही, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. तू औषध बंद केलंयस. कधीपासून ते तुलाच माहीत. काम देखणं झालंय म्हणून बहिणीची झोप उडावी, असं कुठल्या घरात होतं रे?

रागावू तरी कशी? ते वेड बाबांनीच लावलं. बाकीचे मूर्तिकार आधी मुखवटा घडवायचे, कारण गिऱ्हाईक तोंड बघून खूश होतं. बाबा फण्यापासून सुरुवात करायचे. वरून कपच्या पडतात, तोंड आधी केलं तर नाकाचा बळी जातो, हे त्यांचं व्यवहारातलं कारण. पण फण्याची आतली बाजू, जी मूर्तीच्या डोक्याकडे असते आणि जमिनीवरच्या माणसाला जन्मात दिसत नाही, तीही ते पूर्ण करायचे. बाकी सगळे तिथे छिन्नीचे घाव तसेच सोडून देतात. लोक हसायचे, मागणी वेळेत जायची नाही, आई करवादायची. बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्याच्यावर धरलाय, त्याला तर दिसतो ना!"

आणि हात चालू असला की तोंडही चालू. बुद्धाचा मुचलिंद आणि पार्श्वनाथांचा धरणेंद्र, दोन्ही नाग त्यांना सख्ख्या काकांसारखे ओळखीचे. मुचलिंद बुद्धाचा कुणी लागत नव्हता. शेजारच्या झाडाशी राहणारा. अवेळी वादळ आलं, पाऊस कोसळायला लागला, हा बाहेर आला, ध्यानाला बसलेल्या त्या माणसाभोवती वेटोळी घातली, डोक्यावर फणा धरला आणि आभाळ निवळेपर्यंत हलला नाही. धरणेंद्राचं तसं नाही. मागच्या जन्मी तो साधा साप. तापसाच्या धुनीतल्या पेटत्या ओंडक्यात जोडीदारणीसकट होरपळत होता. राजकुमार पार्श्वाने ओंडका फोडायला लावला, मरता मरता त्या जोडीच्या कानांवर चार पवित्र शब्द पडले, आणि दोघं नागलोकात धरणेंद्र आणि पद्मावती होऊन जन्माला आले. पुढे त्या तापसानेही नवा जन्म घेतला, पण वैर सोडलं नाही. त्याने असा पाऊस पाडला, की ध्यानात उभ्या असलेल्या पार्श्वनाथांच्या नाकाशी पाणी आलं. तेव्हा धरणेंद्र फणा धरायला धावला. बाबा म्हणायचे, एकाने शेजारधर्म पाळला, एकाने उपकार फेडले. पण आपण फणा दोघांचा सारख्याच मनाने कोरायचा.

मग तुला पहिल्यांदा ते झालं. शाळेतून येऊन झोपला होतास आणि झोपेतच अंग ताठ, दातखीळ, तोंडाला फेस. आई उंबऱ्यातच बसली, तिला वाटलं गेलास तू. बाबांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं. तू शुद्धीवर येऊन रडायला लागलास तेव्हा त्यांनी सांगितलं, घाबरू नकोस, नागराज आला होता, तुझ्यावर फणा धरून उभा होता, त्याच्या वेटोळ्यात अंग जरा आवळलं एवढंच. बापाचं मन, दुसरं काय सुचणार? घरात ही गोष्ट आणि घराबाहेर आईचं ब्रीदवाक्य, झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टर केले तेही तीन गल्ल्या सोडून, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. उशी सरकवायचं, कुशीवर वळवायचं, तोंड पुसायचं काम माझ्याकडे आलं. डोळे उघडलेस की तुझा पहिला प्रश्न, आज किती फण्यांचा होता? मी म्हणायची, सात. एकदा वैतागून तीन सांगितलं तर तू फुगून बसलास, जेवलाच नाहीस. तीन फण्यांत तुझं भागत नव्हतं!

मूर्तिशाळेत गेलास तेव्हाही मूठ झाकलेलीच. दुपारच्या सुट्टीत खोलीवर जरा आडवा झालास, सोबत्याला काही विसरलेलं आठवलं म्हणून तो परत आला, आणि किंचाळत जिना उतरला. गुरुजी वाईट नव्हते. पाठीवर हात ठेवून म्हणाले, बाळा, इथे हत्यारं, इथे उंची, तू घरी राहून तब्येत सांभाळ. तू घरी आलास, पेटी उघडली नाहीस, पायही धुतले नाहीस, आणि बाबांना विचारलंस, भिक्षू झालेल्या नागाची ती गोष्ट खरी आहे का? बाबांचं तोंड तेव्हा मी पाहिलं होतं. त्यांनीच कधीतरी काम करता करता सांगितलेली गोष्ट. एका नागाला आपल्या जन्माचा वीट आला. माणसाचं रूप घेऊन तो संघात शिरला, भिक्षू झाला, सगळ्यांसारखा वागला, कुणाला पत्ता नाही. पण नागाचं खरं रूप गाढ झोपेत लपत नाही. सोबतचा भिक्षू पहाटे बाहेर फेऱ्या मारायला गेला, याला निवांत झोप लागली, आणि सोबत्याने परत येऊन दार ढकललं तर सगळी खोली सापाने भरलेली, वेटोळी खिडकीतून बाहेर. आरडाओरडा झाला. बुद्धाने त्याला समजावलं, की नागाच्या जन्मात या वाटेवर तुझी वाढ होणार नाही, जा, उपोसथाचे, म्हणजे उपवास-व्रताचे दिवस पाळ, लवकर माणसाचा जन्म मिळेल. नाग रडत रडत गेला. आणि तेव्हापासून संघात येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, तू माणूस आहेस ना?

माझं त्या गोष्टीशी तेव्हापासून भांडण आहे. बुद्धाशी भांडायची माझी पायरी नाही, पण भांडण आहे. त्या सोबत्याशी तर आहेच. त्याला विचारावंसं वाटतं, अरे, ओरडलास ते ओरडलास, पण एवढं मोठं जनावर तुझ्या शेजारी निजत होतं आणि त्याने तुला कधी डंख केला नाही, हे तुला सुचलं नाही? नागाला कुणी रागावून काढलं नाही, तुलाही नाही. मायेनेच काढलं, आणि तिथेच तर घोळ झाला. कारण रागावून काढलं तर माणूस भांडतो, दार ठोठावतो, चार शिव्या देऊन मोकळा होतो. तू मुकाट लांब लांब जात राहिलास. बाबा गेल्यावर तर पाहुण्यासारखे दिवस उरकलेस आणि नाहीसाच झालास.

तू कुणासारखा वागतोयस सांगू? चंडकौशिक नागासारखा. महावीरांच्या पायाला तो डसला आणि जखमेतून रक्ताऐवजी दूध आलं, ते सगळं तुला पाठ आहे. पण पुढचं आठव. शांत झाल्यावर त्याने आपली विषारी नजर कुणाला बाधू नये म्हणून तोंड बिळात घातलं आणि तसाच पडून राहिला. मुंग्या अंग पोखरत राहिल्या तरी वळला नाही, त्या चिरडतील म्हणून. बाबा ही गोष्ट सांगताना हात जोडायचे. मी जोडते, पण आपला भाऊ बिळात तोंड घालून पडलाय आणि आपण हात जोडून उभं राहायचं, हे मला जमणार नाही. तू कुणाला बाधत नव्हतास रे. आम्ही कधी तसं म्हटलं का? आणि मनात जर असं काही असेल की ज्याच्या फण्याची इतकी सेवा केली तो धरणेंद्र आपल्याला अधांतरी झेलेल, तर नीट ऐक. दगडाचा फणा पडणाऱ्याला झेलत नाही. धरणेंद्राचं काय असेल ते असो, खाली फरशी आहे.

घरचं म्हणशील तर आई बरी आहे, म्हणजे जिभेने बरी आहे, गुडघ्यांनी नाही. तुझे दाजी लिफ्टच्या दुरुस्तीवरच आहेत. त्यांना फोटो दाखवला तर कोरीवकाम राहिलं बाजूला, त्यांचं पहिलं वाक्य, याच्या कमरेला पट्टा का नाही? त्यांनी स्वतःचा जुना पट्टा धुऊन, हुक तपासून या पत्राबरोबर दिलाय. तो बांधून वर चढ असं मी म्हणत नाहीये, चढूच नकोस म्हणतेय, पण त्यांचा जीव आहे तुझ्यावर, दाखवता मात्र येत नाही. तुझी भाची, भिंगरी, बरीच उंच झाली. मात्र हल्ली भिंगरीसारखी फिरत नाही. दुपारी झोप म्हटलं की डोळे मोठे करून बसून राहते. तिच्या खोलीतलं टोकदार कोपऱ्यांचं टेबल आम्ही हलवलं, न्हाणीघराच्या दाराची आतली कडी दाजींनी काढून टाकली. आई तिच्या उशाशी बसून असते. घर तसं ठीक आहे.

औषधाचं ऐक. आता मी डॉक्टर बाईंकडे जाते, त्या आपल्याच गल्लीच्या तोंडाशी बसतात, आणि मी पुढच्या दाराने जाते. त्यांना तुझ्या हाताबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, त्या एका गोळीवर जग थांबलेलं नाही, हात न थरथरणारी दुसरी औषधं आहेत; पण त्याला समोर बसवल्याशिवाय मी काही देणार नाही, आणि पहिली गोळी अशी मनाने तोडायची नव्हती. तोडलीस ती तोडलीस. आता जुनी पाकिटं शोधून आपल्या मनाने परत चालूही करू नकोस, ये. त्या तुला छिन्नी टाक म्हणणार नाहीत, मी विचारून घेतलंय. जमिनीवर बसून कोरायचे फणे थोडे का आहेत?

आणखी एक. बाबांना माहीत नव्हतं ते मला संग्रहालयात कळलं. काही देशांत भिक्षू व्हायला निघालेल्या प्रत्येकाला दीक्षेआधी नाग म्हणतात. पांढरे कपडे घालून, वाजतगाजत नेतात, आणि सगळे त्याला नागच म्हणतात. तिकडची माणसं सांगतात, तो नाग जाताना एवढंच मागून गेला होता, की मी नाही तर निदान माझं नाव तरी आत येऊ दे. मी ते वाचलं आणि संग्रहालयाच्या मधोमध उभी राहून रडले, शाळेची सहल बघत होती. मला कुणाचं नाव नको आहे रे. मला माणूस हवा आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते, कारण मला ते कुणाजवळच बोलता येत नाहीये. आपल्या भिंगरीला ते झालं. शाळेतून येऊन झोपली होती, आणि मी चादर नीट करायला गेले तर तिचं अंग ताठ. हातांना सगळं आठवत होतं, उशी, कूस, तोंड पुसणं, सगळं केलं. ती शुद्धीवर आली आणि मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, घाबरू नकोस बाळा, नागराज आला होता. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, बाहेर कुठे बोलू नकोस. खुडबुड्या, पुन्हा पहिल्यापासून! त्यानंतर वर्गात एकदा झालं, आणि शाळेच्या बाईंनी भिंगरीच्या गालावरून हात फिरवत, अगदी मायेने सांगितलं की थोडे दिवस घरीच राहू दे. मी तुझ्यासारखी मुकाट आले नाही, दारातच भांडले, उद्या परत जाऊन भांडणार आहे. भांडणाचं मला भय नाही. पण काल ती मला म्हणाली, आई, फण्याच्या आत अंधार असतो का? मी म्हटलं, नसतो. तर म्हणे, तू कधी गेली होतीस? मी काय सांगू? मी जन्मभर तो फणा बाहेरूनच पाहिला. ती म्हणाली, मामाला माहीत असेल, मामा कधी येणार? तू परांचीवरून पडलास तर तिला काय सांगू रे मी, की तुझ्यासारख्यांचं पुढे असं होतं? ती रोज दारात बसून रस्त्याकडे बघते. फण्याची आतली बाजू आपल्या घरात फक्त तुला माहीत आहे. उतर खाली. तिला येऊन सांग.

तुझीच,
ताई